अमारेत्तो सावरमध्ये बर्बन हवीच कशाला?

लिंबूटिंबू (धागाकर्ता)

दिवाळीला परदेशातून आलेल्या भावाने विमानतळावरून अमारेत्तोची एक बाटली आणली आणि तेव्हापासून आमच्याकडे शनिवारी रात्री जेवणाआधी अमारेत्तो सावरचे दोन पेले होऊ लागले. ज्यांना हे पेय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमारेत्तो हे इटलीच्या लोम्बार्दी प्रांतातील, मिलानजवळच्या सारोन्नो गावचे बदामी वासाचे गोड मद्य आहे. त्यात ताजा लिंबूरस आणि बहुधा अंड्यातील पांढरे घालून, बर्फासह जोरात हलवून गाळले की जे आंबटगोड, वर फेस धरलेले पेय मिळते, ते अमारेत्तो सावर.

धागा काढण्याचे कारण असे, की घरी करण्याची कृती शोधू लागल्यावर जिथे तिथे एकच पाठ समोर येतो. अमेरिकेतील पोर्टलंडचे बारटेंडर जेफ्री मॉर्गनथेलर यांनी २०१२ मध्ये तो प्रसिद्ध केला: ४५ मिली अमारेत्तो, २२ मिली पाणी न मिसळलेली कडक बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की), ३० मिली लिंबूरस, चमचाभर दाट पाक आणि १५ मिली अंड्यातील पांढरे. पेय चांगले होते, याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार अशी, की ही सुधारणा नसून पाहुण्याला घरमालक करण्याचा प्रकार आहे.

या पेयाचे नाव अमेरिकेत १९७० आणि ८० च्या दशकांत खराब झाले ते अमारेत्तोमुळे नव्हे. तेथील बारमध्ये लिंबू पिळण्याऐवजी साखर आणि सायट्रिक आम्लाचे तयार मिश्रण बाटलीतून ओतले जाई, त्यामुळे झाले. दोष लिंबाच्या जागी होता, तर लिंबू बदलावे. मद्य का बदलावे? मी ६० मिली अमारेत्तो, ३० मिली ताजा रस आणि १५ मिली अंड्यातील पांढरे घेतो, पाक मुळीच घालत नाही. युरोपच्या नियमानुसार लिकर (म्हणजे अमारेत्तोसारखे गोड, वासाचे मद्य) म्हणवणाऱ्या मद्यात लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर असावी लागते. म्हणजे ६० मिलीमध्ये किमान सहा ग्रॅम साखर आधीच आलेली असते आणि प्रत्यक्षात अमारेत्तो त्याहून गोडच लागते. त्यावर पुन्हा पाक घालणे म्हणजे दुधात साखर नव्हे, साखरेत साखर.

(महाराष्ट्रातील वाचकांना वयाची २५ वर्षांची अट आणि परवाना यांची आठवण करून देतो, म्हणजे चर्चा तिकडे वळणार नाही.)

अधेली

निदान पटले, औषध पटले नाही. सावर या कुळातील पेयांची घडण पाहावी. व्हिस्की सावर असो, पिस्को सावर असो की डायकिरी, त्यात एक कडक मद्य, एक आंबट आणि एक गोड असे तीन खांब असतात. जिथे गोडाच्या जागी लिकर येते, तिथेही कडक मद्य जागेवर असतेच. मार्गारिटात टकीला असते, साइडकारमध्ये कोन्याक असते. आपल्या पेल्यात अमारेत्तो गोडाचे काम करते आहे आणि मद्याची जागा रिकामीच आहे.

आकडे मांडूनच पाहू. दिसारोन्नो या नावाच्या अमारेत्तोच्या बाटलीवर २८ टक्के अल्कोहोल लिहिलेले असते. म्हणजे तुमच्या ६० मिलीमध्ये सुमारे १७ मिली अल्कोहोल झाले. हलवताना बर्फाचे साधारण ३० मिली पाणी उतरते असे धरले, तर १३५ मिली पेयात ते जेमतेम साडेबारा टक्के भरते. मॉर्गनथेलर यांच्या मापात ६० टक्क्यांच्या आसपासची बर्बन धरली तर तोच आकडा १७ पर्यंत जातो. हा फरक नशेसाठी मोजत नाही. अल्कोहोल कमी पडले की साखर जिभेवर पसरते आणि लिंबू वेगळे, बदाम वेगळा लागू लागतो. शिवाय बर्बन निम्म्याहून अधिक मक्याची असावी लागते आणि आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात ठेवावी लागते. त्या लाकडातून येणारा व्हॅनिलाचा वास बदामी वासाला जितका धरून राहतो, तितके दुसरे काहीही माझ्या अनुभवात नाही.

लिंबूटिंबू

मग त्याला अमारेत्तो घातलेली व्हिस्की सावर म्हणावे. माझे भांडण नावाशी आहे, पेल्याशी नाही. आणि साडेबारा टक्के हा दोष का मानावा? तेवढ्या टक्क्यांची वाइन जेवणाबरोबर घेताना कोणी खांब मोजत नाही. आम्ही नवराबायको दोघेच असतो, दोन पेल्यांत संध्याकाळ होते आणि रविवारी सकाळी डोके जागेवर असते. हा गुण आपल्या हिशेबात कुठेच आला नाही.

खडीसाखर

बर्बनवरून आपण दोघे हातघाईवर आला आहात, पण कच्च्या अंड्याबद्दल कोणीच चकार शब्द काढत नाही, याचे नवल वाटते. लिंबाच्या आम्लाने आणि थोड्याशा मद्याने अंड्यातील जंतू मरतात असे समजून अनेक जण निर्धास्त असतात. पेयाचे सारे आयुष्य दहा मिनिटांचे, तेवढ्यात ते मरतीलच याची कोणतीही खात्री नसते. साल्मोनेलाचा धोका लहान असला तरी घरात वयस्कर माणूस किंवा गर्भवती स्त्री असेल तर तो घेऊ नये. (गर्भवतीने मद्यच घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.)

आमच्याकडे छोले शिजवल्यानंतर उरलेले पाणी वापरतो. मीठ आणि सोडा न घालता काबुली चणे शिजवावेत, पाणी जरा आटवून बोटाला चिकट लागेल इतके दाट करावे आणि गार झाल्यावर पेल्यामागे २५ ते ३० मिली घ्यावे. फेस अंड्यासारखाच पांढरा येतो आणि शाकाहारी पाहुण्याची अडचण होत नाही.

फेसाबद्दल एक अनुभव सांगते. बर्फ घालण्याआधी सगळे कोरडेच हलवावे असे वाचून मी स्टीलच्या डब्यात ते मिश्रण घेतले आणि झाकण तळहाताने दाबून हलवायला लागले. बर्फ नसला की आतली हवा आकसत नाही, उलट फेसाबरोबर दाब वाढतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पंधराव्या हेलकाव्याला झाकण उडाले, ओटा, मसाल्याचा डबा आणि माझी बाही चिकट झाली आणि बदामाचा वास दोन दिवस स्वयंपाकघरातून गेला नाही. तेव्हापासून मी आधी उभ्या पातेल्यात ताकाच्या रवीने फेस काढते आणि मग फिरकीच्या झाकणाच्या बरणीत बर्फासह हलवते. चहाच्या गाळणीतून गाळले की बर्फाचे कण वर येत नाहीत.

अधेली

रवीची कल्पना मी उचलणार आहे. छोल्यांच्या पाण्याबद्दल मात्र मतभेद आहे. पहिल्या घोटाला फरक कळत नाही, परंतु पेय कोमट होऊ लागले की डाळीचा वास डोके वर काढतो आणि तो अमारेत्तोच्या वासाशी जुळत नाही. ज्यांना कच्च्या अंड्याची भीती आहे त्यांनी पाश्चराइझ केलेले अंड्यातील पांढरे आणावे, किंवा फेसाचा हट्ट सोडावा. फेसाविना सावर हेही सावरच असते.

नाममात्र

अमारेत्तोची बाटली प्रत्येकाच्या भावाकडून येत नाही आणि इथे विकत घ्यायची तर किंमत ऐकूनच नशा उतरते. दख्खनी रम, खडीसाखरेचा पाक (धागामित्राने नावाबद्दल क्षमा करावी) आणि बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या बदामाच्या इसेन्सचे चार थेंब, एवढ्यात काम भागते. नाहीतरी १५२५ च्या सुमारास सारोन्नोच्या देवळात भित्तिचित्रे रंगवणाऱ्या बेर्नार्दिनो लुइनीला एका खाणावळवालीने जर्दाळूच्या बिया मद्यात भिजवून हे पेय दिले, अशी आख्यायिका आहेच. लहानपणी आम्ही जर्दाळू खाऊन झाला की आठळी पाट्यावर वरवंट्याने फोडून आतली बी खायचो. तीच बी रममध्ये टाकली तर काय बिघडते?

खडीसाखर

बिघडते, आणि गंभीरपणे बिघडते. आपण लहानपणी खाल्लेली बी गोड जातीची असावी. कडू जातीच्या बीमध्ये अमिग्डालिन असते. ते फुटले की एका बाजूला बदामी वास देणारे बेन्झाल्डिहाइड तयार होते आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोजन सायनाइड. म्हणजे वास जितका दरवळतो तितके विषही बरोबर येते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये सांगितले, की प्रौढ माणसाने तीनहून अधिक लहान कच्च्या बिया एका वेळी खाल्ल्या तरी सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. बाटलीत मूठभर बिया महिनाभर भिजवणाऱ्याकडे हे मोजायचे कोणतेही साधन नसते. आख्यायिकेतल्या खाणावळवालीचे अनुकरण इथेच थांबवावे.

इसेन्सला माझा आक्षेप नाही, पण त्याला अमारेत्तो म्हणू नये. इसेन्स एकाच सुरात वाजतो. अमारेत्तोत मागून जो किंचित कडवटपणा येतो (नावातले 'अमारो' म्हणजे कडूच) तो नसला तर लिंबाबरोबर फक्त नानकटाईचा वास उरतो.

बोका

मी गेली काही वर्षे न्यू जर्सीत आहे, म्हणून एक आगाऊ शंका काढतो. वर सगळे 'लिंबू' म्हणत आहेत, पण मूळ कृतीतले लिंबू म्हणजे पिवळे, जाड सालीचे, मोठे लेमन. आपले कागदी लिंबू निराळे. रसाचा आंबटपणा जवळपास सारखा असला तरी कागदी लिंबाचा वास धारदार, किंचित तुरट आहे आणि तो बदामाला झाकून टाकतो. शिवाय पिवळ्या लिंबाच्या सालीचा तुकडा पेल्यावर मुरडला की तेलाचा बारीक फवारा फेसावर बसतो आणि पहिला वास तोच येतो. कागदी लिंबाची साल इतकी पातळ असते, की मुरडता मुरडता फाटून जाते.

लिंबूटिंबू

हा मुद्दा मला सर्वांत अडचणीचा वाटला, म्हणून शनिवारी प्रयोग करून पाहिला. मंडईतून कागदी लिंबे आणि एका मोठ्या दुकानातून दोन पिवळी लेमन आणली. एका कागदी लिंबातून मला जेमतेम १५ मिली रस मिळतो, म्हणजे पेल्याला दोन लागतात. एक लेमन सहज ४० मिली देते. कागदी लिंबाच्या रसाने पेय खरोखर कडक लागले, तेव्हा रस २५ मिलीवर आणला आणि लिंबे दाबयंत्रात न चेपता हाताने पिळली, जेणेकरून सालीतले कडवट तेल रसात उतरू नये. तेवढ्याने बदाम पुन्हा वर आला. बोका यांचे सालीबद्दलचे म्हणणे मात्र शंभर टक्के मान्य.

त्याच बैठकीत अधेली यांच्या मापाचाही पेला केला. घरात बर्बन नव्हती, म्हणून ४२.८ टक्क्यांची देशी सिंगल माल्ट व्हिस्की २२ मिली घातली. पहिल्या पाच मिनिटांत मला माझाच पेला आवडला. दहाव्या मिनिटाला, बर्फाचे खडे पेल्यात तसेच राहू दिल्यामुळे, माझा पेला सरबतावर आला होता आणि व्हिस्कीचा अजून उभा होता. बायकोने काही न बोलता दुसरा पेला स्वतःकडे ओढून घेतला.

अधेली

वहिनींचा निकाल नोंदवून घेतला आहे. फक्त सिंगल माल्टवरून बर्बनचा निवाडा करू नये. माल्टमध्ये जवाचा वास पुढे येतो.

लिंबूटिंबू

निवाडा केलेला नाही, अपील राखून ठेवले आहे. पुढच्या शनिवारी माझ्या मापाचे पेय लहान, आधी फ्रीजरमध्ये गार केलेल्या पेल्यात, बर्फ गाळून टाकून देणार आहे, म्हणजे पातळ होण्याचा प्रश्नच उरणार नाही. बर्फही नव्या साच्यात, झाकण लावून करणार. या वेळच्या फेसाला फ्रीजरमधल्या वाटलेल्या आले-लसणाचा पुसटसा वास होता आणि तो दोन्ही पेल्यांना सारखाच होता.