मदत हवी आहे : कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून मधूनच 'फट्' असा आवाज येतो

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे दशावतारी नाटकांच्या जुन्या कॅसेटी आहेत. कुडाळ-सावंतवाडीकडच्या जत्रांमध्ये माझे काका रात्रभर जागून टेपरेकॉर्डरवर ही नाटकं भरून घ्यायचे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, पात्रं ते उभ्या उभ्या रचतात. त्यामुळे त्या रात्री जे बोललं गेलं ते या कॅसेटींशिवाय कुठेच नाही. यातले बरेच कलाकार आज हयातही नाहीत. टेप खराब व्हायच्या आत हे सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं आहे. पण स्पीकरच्या आवाजावर विश्वास ठेवता येत नाहीये. मधेच 'फट्' झालं की तो टेपमधला दोष की घरातला, तेच कळत नाही.

मशीन असेंबल केलेलं आहे, विंडोज 10. वेगळं साउंड कार्ड नाही, आवाज मदरबोर्डवरूनच घेते. स्पीकर 2.1, लाकडी पेटीचा वूफर, त्याला दोन पिनांचा प्लग. मागच्या हिरव्या जॅकमधून 3.5 मिलीमीटरची वायर वूफरला जाते. घर जुनं, चिरेबंदी, वायरिंग मात्र नंतर कधीतरी केलेलं.

माझ्या कानाला हे दोन वेगळे आवाज वाटतात. एक बारीक 'टप्प'. थोडा वेळ काहीच वाजत नसलं आणि मग काही लावलं, की सुरुवातीलाच दोन्ही बाजूंनी येतो. दुसरा मोठा, 'फट्' असा. हा कधीही येतो, काही वाजत नसतानाही. संध्याकाळी जास्त. दचकायला होतं इतका मोठा.

वायर बदलून पाहिली, ड्रायव्हर नव्याने टाकून पाहिला, फरक नाही. एक गोष्ट लक्षात आली ती सांगते : वूफर काढून त्याच हिरव्या जॅकला इअरफोन लावला तर मोठा 'फट्' येत नाही, बारीक 'टप्प' मात्र येतो. दुकानदार म्हणतात स्पीकर गेले, नवीन घ्या. घ्यायला हरकत नाही, पण कारण कळल्याशिवाय पैसे घालवायचे नाहीत. कोणाला असा अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

जवळपास साधा टूजी मोबाइल असतो का? त्याच्यामुळे स्पीकरमध्ये आवाज येतो. फोन लांब ठेवून बघा.

प्रतिसाद

मोबाइलचा आवाज 'फट्' असा नसतो. टूजी फोन सेकंदाला सुमारे 217 वेळा झटके देत लहरी सोडतो, त्यामुळे तो 'टिटिट्-टिटिट्-ट्रर्र' असा ऐकू येतो, आणि बहुतेक वेळा लगेच फोन किंवा मेसेज येतो. तो एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. ताईंचं वर्णन त्याच्याशी जुळत नाही.

मी आधी लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर मशीनला अडवतोय ते दाखवणारा प्रोग्रॅम) चालवून बघा म्हणणार होतो. वायफायचा वगैरे ड्रायव्हर प्रोसेसरला जास्त वेळ अडवून धरतो, आवाजाचा पुढचा तुकडा वेळेत पोचत नाही आणि करकर होते. पण ती करकर काहीतरी वाजत असतानाच होते, शिवाय ती इअरफोनमध्येही आली असती. काही वाजत नसताना 'फट्' होतंय म्हणजे तो प्रश्न सॉफ्टवेअरचा दिसत नाही.

बारीक 'टप्प'चं सांगू शकतो. मदरबोर्डवरची आवाजाची चिप काही सेकंद काम नसलं की वीज वाचवायला झोपते. पुन्हा काही लावलं की जागी होते, तेव्हा तिच्या आउटपुटवरचा व्होल्टेज एकदम सरकतो आणि तो धक्का आपल्याला 'टप्प' म्हणून ऐकू येतो. खात्री करायला सोपी युक्ती : ऑडॅसिटी या आवाज भरायच्या प्रोग्रॅममध्ये पाच मिनिटांची पूर्ण शांत फाइल बनवा, प्लेअरमध्ये ती सारखी फिरत ठेवा आणि मग दुसरीकडे गाणं लावा-थांबवा. चिपला झोपायला वेळच मिळणार नाही. 'टप्प' गेला तर दोषी तीच.

प्रतिसाद

ताई, सोपा उपाय सांगतो. कॉम्प्युटरच्या प्लगची तिसरी जाड पिन काढून टाका किंवा दोन पिनांचा अॅडॅप्टर लावा. आमच्याकडे गुरगुर यायची, असं केल्यावर लगेच बंद झाली.

प्रतिसाद

वरचा सल्ला कृपया कोणीही अमलात आणू नये. अर्थची पिन तोडल्यावर गुरगुर थांबते हे खरं असेल, पण आतमध्ये इन्सुलेशन गेलं तर पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये पूर्ण 230 व्होल्ट उतरतात आणि त्यांना जायला वाट फक्त हात लावणाऱ्याच्या अंगातून उरते. घरात लहान मुलं असतात, ओल्या पायाची माणसं असतात. आवाजासाठी जिवाशी खेळू नका.

ताई, मी कोल्हापूरला रेडिओ-अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं काम आयुष्यभर केलं. तुमच्या लिहिण्यातली इअरफोनची गोष्ट फार मोलाची आहे. मला तीन गोष्टी कळवा.

कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, जिथे रंग नाही अशा पत्र्याला बोटाची मागची बाजू नुसती घासत नेली तर झिणझिण्या किंवा खरखर जाणवते का?

वूफर चालू ठेवून त्याला कॉम्प्युटरऐवजी मोबाइल जोडा, मोबाइलला चार्जर नको. असा संध्याकाळभर ठेवला तर 'फट्' येतो का?

आणि 'फट्' होतो त्या क्षणी घरात दुसरं काय चालू किंवा बंद होतं? फ्रीज, पंप, मिक्सर, ट्यूब, पंख्याचं बटण, सगळ्याकडे कान ठेवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे आभार, विशेषतः कोल्हापूरच्या काकांचे. पिन मी तोडणार नाही, निर्धास्त राहा.

शांत फाइल फिरवत ठेवली तेव्हा बारीक 'टप्प' पूर्ण गेला. म्हणजे तो चिपचाच.

काका, पत्र्याला बोट घासल्यावर बारीक खरखर लागते, पाय जमिनीला टेकलेले असले तर जास्त. आम्ही सगळे समजायचो की कॉम्प्युटर असाच असतो. मोबाइलवर वूफर सबंध संध्याकाळ लावून ठेवला, एकदाही 'फट्' नाही.

तिसऱ्या प्रश्नासाठी रात्री जेवणं झाल्यावर सगळं बंद करून नुसती ऐकत बसले. आमचा फ्रीज बंद होताना आधी घरघर खाली येते आणि शेवटी तो एकदा अंग झटकल्यासारखा हलतो. वरच्या बरण्या किणकिणतात. बरोबर त्याच क्षणी स्पीकरमधून 'फट्'! चालू होताना कधी येतो, कधी नाही. विहिरीवरचा पंप बंद केला की हमखास, आणि तो फ्रीजपेक्षाही मोठा. संध्याकाळी जास्त का, तेही कळलं. पाणी आम्ही संध्याकाळीच चढवतो.

प्रतिसाद

ताई, उत्तर तुम्हीच शोधलंत. आता कारण सांगतो, म्हणजे इलेक्ट्रिशियनला काय सांगायचं ते कळेल.

फ्रीजच्या कॉम्प्रेसरमध्ये आणि पंपाच्या मोटरमध्ये तांब्याची वेटोळी असतात. त्यातून वाहणारा करंट एकदम तोडला की वेटोळं तो सहजासहजी थांबू देत नाही, स्विचच्या पॉइंटमध्ये ठिणगी पडते आणि घरच्या लाइनवर क्षणभर कितीतरी जास्त व्होल्टेजचा काटा उठतो. म्हणून बंद होताना आवाज मोठा. असा काटा प्रत्येक घरात उठतो. तो तुमच्या स्पीकरपर्यंत का पोचतो, हा खरा प्रश्न.

कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (आतला वीजपुरवठ्याचा डबा) शिरल्याशिरल्या एक फिल्टर असतो. त्यात दोन छोटे कपॅसिटर, एक फेजपासून पत्र्याला आणि एक न्यूट्रलपासून पत्र्याला. लाइनवरची घाण पत्र्यावर आणून अर्थच्या वायरने जमिनीत सोडायची, हे त्यांचं काम. अर्थ शाबूत असेल तर पत्रा शून्यावर राहतो. अर्थ तुटलेली असेल तर पत्रा दोन कपॅसिटरांच्या मधोमध लटकतो, म्हणजे 230 च्या निम्म्यावर, साधारण 115 व्होल्टवर. करंट फार थोडा असल्याने नुसती खरखर लागते. तुमच्या बोटाला लागते ती हीच.

आता लाइनवर काटा उठला की तो पत्र्यावर येतो आणि जमिनीत जायला वाट नाही म्हणून दुसरी वाट शोधतो. ती त्याला ऑडिओ वायरच्या बाहेरच्या जाळीत सापडते : जाळीतून वूफरच्या सर्किटमध्ये, तिथून त्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून पुन्हा लाइनला. पण त्याच जाळीवरून तुमचा सिग्नलही परत येत असतो. काटा सिग्नलमध्ये मिसळतो आणि अॅम्प्लिफायर दोघांनाही मोठं करतो. इअरफोनला पुढे लाइनकडे जाणारी वाटच नाही, म्हणून तिथे शांतता. मोबाइल लाइनला जोडलेलाच नाही, म्हणून तिथेही शांतता. तुमच्या स्पीकरना काहीही झालेलं नाही.

इलेक्ट्रिशियनला बोलवा. मीटर लावून बोर्डावर तीन मापं घ्यायला सांगा : फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी हवीत आणि तिसरं एखाद-दोन व्होल्टच्या आसपास. चालू बोर्ड स्वतः उघडू नका. बोर्डावर अर्थ मिळाली नाही तर वायर धरून खड्ड्यापर्यंत मागोवा घ्यायला सांगा. कोकणात जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो आणि अर्थ नावापुरतीच उरते. पाइपाभोवती कोळसा आणि मीठ भरलेलं असतं ते पाणी धरून ठेवण्यासाठी. त्यात अधूनमधून पाणी ओतलं पाहिजे, हे कुणी सांगतच नाही.

प्रतिसाद

काका, फार सुंदर समजावलंत. माझ्याही कॅबिनेटला खरखर लागते, उद्याच बघून घेतो.

ताई, चिपच्या झोपेसाठी : विंडोजच्या रजिस्ट्रीत (सगळ्या सेटिंगच्या नोंदवहीत) त्या ऑडिओ ड्रायव्हरच्या नोंदीखाली 'पॉवर सेटिंग्ज' नावाची की असते. त्यात 'परफॉर्मन्स आयडल टाइम' आणि 'कॉन्झर्व्हेशन आयडल टाइम' अशा दोन नोंदी असतात. पहिली लाइटवर चालताना लागू होते, दुसरी बॅटरीवर. दोन्हींची किंमत शून्य केली की चिप झोपत नाही. आधी त्या नोंदीचा बॅकअप घ्या आणि नंतर मशीन रीस्टार्ट करा. हात घालायची भीती वाटत असेल तर शांत फाइल फिरवत ठेवणंही चालेल, त्यानेही कामात काही अडत नाही.

कॅसेटींबद्दल एक विनंती. उतरवताना लॅपटॉप मिळाला तर तो बॅटरीवर चालवा, चार्जर काढून. बऱ्याच लॅपटॉपना फक्त माइकचा जॅक असतो, टेपचा सिग्नल त्यात घालू नका, तो फाटतो. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. 24 बिटमध्ये भरा, सगळ्यात मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आसपास राहू द्या आणि मूळ फाइल वेव्हमध्येच ठेवा, एमपीथ्री नंतर काढता येते. टेपमधला खटका असेल तर तो प्रत्येक वेळी त्याच जागी येईल आणि ऑडॅसिटीच्या आलेखात उभी रेघ दिसेल. घरातला असेल तर जागा बदलेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

इलेक्ट्रिशियन येऊन गेले. फेज-न्यूट्रल 228, फेज-अर्थ मात्र मीटर काहीच धड दाखवेना. वायर धरत मागे गेलो तर परसातल्या खड्ड्याशी पाइपाचा क्लॅम्प गंजून तुटलेला, वायर नुसती मातीत टेकलेली. नवीन क्लॅम्प बसवला, खड्ड्यात कोळसा-मीठ भरून भरपूर पाणी ओतलं. आता न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट दाखवतं. पत्र्याला झिणझिणी नाही, आणि फ्रीज बंद झाला तरी स्पीकर गप्प!

काका, तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं, नाहीतर आमचं सबंध घर अर्थशिवाय चाललं होतं. गिझर, वॉशिंग मशीन, सगळंच. आवाजाच्या निमित्ताने हे उघडकीला आलं याचं फार समाधान आहे. स्पीकर तेच ठेवले.

रजिस्ट्रीतला बदल भाच्याने करून दिला. पहिली कॅसेटही दोनदा उतरवून पाहिली. पेटी, पखवाज, झांज, सगळं स्वच्छ ऐकू येतंय. जिथे जिथे खटके आहेत ते दोन्ही वेळा त्याच ठिकाणी आले, बहुतेक माझे काका पॉजचं बटण दाबायचे तिथले असावेत. ते मी तसेच ठेवणार आहे.

एकच शंका उरली. पंप बंद करताना अजून अगदी बारीक 'टिक्' येतो. कान देऊन ऐकलं तरच कळतो. तो घालवायला काही करावं लागेल का?

प्रतिसाद

स्टार्टरचे पॉइंट जळून खडबडीत झाले असतील, पुढच्या वेळी इलेक्ट्रिशियन आला की ते पाहून घ्या. ऑडिओ वायरला वूफरच्या टोकाशी फेराइटची चिमटी (असे झटके अडवणारं छोटं कडं) लावा, वायर तिच्यातून दोन-तीन वेढे घेऊन काढा. आणि तोवर पाणी चढवून झाल्यावरच कॅसेट लावा.

पेटीवाले कोण होते ते कॅसेटच्या कव्हरवर लिहिलेलं असलं तर इथे कळवाल का? मला ऐकायला आवडेल.