मदत हवी आहे: बाबांच्या नडगीवरची जखम, बायॉप्सीत ‘ईबीव्ही पॉझिटिव्ह लिम्फोमा’

नमस्कार,

बाबा ७३ वर्षांचे. रोज तासभर चालतात. मधुमेह नाही, स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेटसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध कधी घेतलेलं नाही, प्रत्यारोपण नाही, एचआयव्ही निगेटिव्ह.

चार महिन्यांपूर्वी डाव्या नडगीवर शेंगदाण्याएवढी जांभळट गाठ आली. काहीतरी चावलं असेल म्हणून सोडून दिलं. मग ती मधोमध फुटली. ड्रेसिंग मीच करते, त्यामुळे रोज जवळून बघते: कडा उचललेल्या, बोटाला टणक लागणाऱ्या, मध्ये पिवळट थर, पण पू नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, काही फरक नाही. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्ट: मोठ्या बी-पेशींचा लिम्फोमा (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर), सीडी२० (बी-पेशींवरची खूण) पॉझिटिव्ह, ईबर (विषाणू शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह. म्हणजे गाठीच्या पेशींत एपस्टाइन-बार विषाणू (ईबीव्ही) आहे. १९६४ साली लिम्फोमाच्याच पेशींत पहिल्यांदा दिसलेला हा विषाणू ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात आयुष्यभर निपचित पडून असतो म्हणे. वयाबरोबर त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या टी-पेशी थकतात, त्यामुळे एरवी धडधाकट माणसालाही हे होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. कळतंय, पण पचत नाही.

खरी अडचण पुढे आहे. हा ‘म्युकोक्युटेनियस अल्सर’ (याच विषाणूमुळे त्वचेवर किंवा तोंडासारख्या ओलसर अस्तरावर होणारा व्रण) असेल तर तो बहुधा एकाच जागी राहतो, कधीकधी आपोआपही बरा होतो. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (वेगाने वाढणारा कॅन्सर) असेल तर रिटुक्सिमॅब या सीडी२०वर नेम धरणाऱ्या औषधासोबत किमो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही बरेचसे सारखे दिसतात. आजार अंगात आणखी कुठे आहे का ते दाखवणारा पेट स्कॅन पुढच्या आठवड्यात आहे.

कोणाच्या घरी असं झालंय का? किमोआधी दुसरं मत घ्यावं का? आणि माझी लेक बाबांच्या ताटात जेवते. दोन दिवस आई तिला त्यांच्याजवळ बसू देत नाहीये. बाबा काही बोलत नाहीत, पण जेवण अर्धवट टाकून उठतात.

प्रतिसाद:
ताई, आधी लेकीला आजोबांशेजारी बसवा. कॅन्सर ताटातून लागत नाही. विषाणू लाळेतून पसरतो खरा, पण तो बहुतेकांना लहानपणीच, कुठूनही होऊन जातो.

दुसरं मत नक्की घ्या, तेही लिम्फोमा बघणाऱ्या हिमॅटोपॅथॉलॉजिस्टचंच (रक्ताच्या आजारांचे नमुने तपासणारे तज्ज्ञ). माझ्या मामांच्या वेळी आम्ही नुसत्या स्लाइड नेल्या आणि परत फिरावं लागलं. लॅबकडून मेणाचा ब्लॉकही (काढलेला तुकडा ज्यात जपून ठेवतात तो) मागून घ्या, त्यावरून नव्याने चाचण्या करता येतात. म्हातारपणी पायावर होणारा ‘लेग टाइप’ लिम्फोमा वेगळा, त्यात ईबर सहसा निगेटिव्ह असतं. म्हणून ईबरची स्लाइड त्यांना आवर्जून दाखवा.

धागाकर्ती:
ब्लॉक मागता येतो हे माहीतच नव्हतं, उद्या सकाळीच लॅबमध्ये जाते. रक्तातल्या विषाणूचं प्रमाण मोजायची चाचणीही सांगितली आहे. मामांची ती स्कॅनच्या आधी केली होती की नंतर?