कमी उत्पन्नात घर चालवताना खानदेशात काय मोफत मिळाले, काय स्वस्तात मिळाले: आपले अनुभव

मी जळगावात राहते. यजमान डाळ मिलमध्ये कामाला आहेत, मी घरी शिवणकाम करते आणि दोन मुले शाळेत जातात. गेल्या जूनमध्ये थोरली नववीत गेली आणि पुस्तकांची यादी हातात आली, तेव्हा मला पहिल्यांदा उमगले की आठवीपर्यंत शाळेतून मोफत मिळणारी पाठ्यपुस्तके नववीपासून विकत घ्यावी लागतात. ही गोष्ट कोणी लपवून ठेवलेली नव्हती, पण मला ती कोणी सांगितलीही नव्हती. दोन दिवस मी हिशेब करत बसले, आणि तिसऱ्या दिवशी आमच्याच गल्लीतल्या एका वहिनींच्या कपाटावर हीच पुस्तके सुतळीने बांधून ठेवलेली निघाली. मुलगा दहावीत गेला म्हणून त्या ती रद्दीत देणार होत्या. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून मोबाइलवर विनामूल्य उतरवून घेता येतात, हेही त्यांच्या मुलानेच मला दाखवले.

तेव्हापासून माझ्या मनात आहे की आपल्याकडे अशी माहिती ओट्यावर आणि नळावर तोंडीच फिरते, आणि जिला तिची सर्वांत जास्त गरज असते ती बाई त्या वेळी नेमकी कामावर असते. म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील सर्वांना विनंती आहे की त्यांनी आपले अनुभव लिहावेत. ऐकीव गोष्ट नको, स्वतः घेतलेला अनुभव हवा. कोणत्या दिवशी किंवा कोणत्या वेळी जावे, कोणता कागद सोबत असावा आणि आपले कुठे अडले, हे लिहिल्यास वाचणाऱ्याचा एक हेलपाटा वाचेल. नाव लिहिण्याची गरज नाही, गाव किंवा तालुका पुरे.

रावेर तालुक्यातून

आम्ही नवरा-बायको दोघेही केळीच्या कामाला जातो, त्यामुळे मी केळीबद्दलच लिहिते. निर्यातीचा माल भरायचा असतो त्या दिवशी घड कापून पॅकिंगच्या जागी आणतात, फण्या सोडवून पाण्याच्या टाकीत धुतात आणि निवडून पेटीत भरतात. त्या पेटीत जाणाऱ्या फणीवर लहानसा ओरखडा चालत नाही, केळ आखूड किंवा फार वाकडे चालत नाही, जोडकेळ चालत नाही. म्हणजे जो माल बाजूला पडतो तो सडलेला नसतो, खायला पूर्ण चांगला असतो. त्यातला काही माल स्थानिक व्यापारी उचलतात आणि काही वेफर्सवाल्यांकडे जातो, पण गाडी भरून गेल्यावर संध्याकाळी जे उरते ते मालक मजुरांना आणि विचारायला आलेल्या माणसांना बहुधा तसेच देतो, नाही तर पिशवीभर केळ्यांचे दहा-वीस रुपये घेतो.

शहरातून येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. ही केळी हिरवी असतात. घरी पत्र्याच्या डब्यात दोन पिकलेल्या केळ्यांसोबत ठेवून वर गोणपाट टाकले, तर ती चार-पाच दिवसांत पिकतात. थंडीत एखादा दिवस जास्त लागतो. सगळी एकदम पिकली की वाया जातात, म्हणून मी निम्मी हिरवीच ठेवून त्यांची भाजी आणि उपवासाचे वेफर्स करते, आणि श्रावणात विकतच्या वेफर्सचा खर्च वाचतो. दुसरे म्हणजे केळफूल. बागेत घड सुटला की खालचे केळफूल छाटून टाकतात आणि ते बांधावर पडून राहते. प्रत्येक फुलातला कडक दांडा काढून बारीक चिरावे आणि रात्रभर ताकाच्या पाण्यात ठेवावे, म्हणजे तुरटपणा जातो. हरभऱ्याच्या डाळीबरोबर त्याची भाजी फार चांगली होते.

मात्र मालकाला विचारल्याशिवाय बागेत पाऊल टाकू नये. घड चोरीला जाण्याने शेतकरी आधीच पोळलेला असतो, आणि एकाने न विचारता काही उचलले की दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच दार बंद होते.

धुळे, शिक्षिका

एसटीच्या सवलती सर्वांना माहीत आहेत असे मी समजत होते, पण आमच्या शेजारच्या आजी मागच्या महिन्यापर्यंत पूर्ण तिकीट काढत होत्या, म्हणून सविस्तर लिहिते. वयाची ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ या वयात अर्धे तिकीट लागते. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट पूर्वीपासूनच आहे.

आता आमच्या घरचा हिशेब पाहा. यजमान, मी, नऊ आणि अकरा वर्षांची दोन मुले आणि ७७ वर्षांच्या सासूबाई असे पाच जण आम्ही नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशा या तीर्थक्षेत्री गेलो, तेव्हा यजमानांचे एक पूर्ण, माझे आणि दोन्ही मुलांचे अर्धे, आणि सासूबाईंचे काहीच नाही, म्हणजे पाच माणसे अडीच तिकिटांत तापीकाठी पोहोचली. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. सासूबाईंना कित्येक वर्षांनी केदारेश्वराचे दर्शन घडले, आणि त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहून मला वाटले की आपण इतके दिवस केवळ खर्चाच्या भीतीने त्यांना घरात बसवून ठेवले.

आमचे अडले ते आधार कार्डावर. सासूबाईंच्या कार्डावर जन्मवर्ष चुकीचे, वय सहा वर्षांनी कमी दाखवणारे होते, त्यामुळे आधीच्या एका प्रवासात वाहकाने अर्धे तिकीट दिले. वाहकाचे म्हणणे नियमाला धरूनच होते. जन्मतारीख दुरुस्त करून घेतल्यावर अडचण संपली. हेही लक्षात ठेवावे की सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच असते. सुरतेला जाताना नवापूरच्या पुढचे तिकीट सर्वांना पूर्ण पडते, आणि आगाऊ आरक्षण केल्यास त्याचा आकार वेगळा द्यावा लागतो. खेड्यातून शाळेसाठी रोज ये-जा करणाऱ्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. तो शाळेमार्फत होतो, म्हणून जूनमध्येच मुख्याध्यापकांना विचारावे.

भुसावळ

आमचे रेशनकार्ड यावल तालुक्यातील गावाचे आणि आम्ही पाच वर्षांपासून भुसावळला भाड्याने राहतो. धान्य आणायला दर महिन्याला एक माणूस गावी जात असे आणि त्याचा त्या दिवसाचा रोज बुडत असे. कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येते, हे मला एका सहप्रवाशाने गाडीत सांगितले. पहिल्या दुकानदाराने बाहेरचे कार्ड चालणार नाही म्हणून परत पाठवले. पुरवठा विभागात जाऊन विचारल्यावर चालते असे स्पष्ट सांगण्यात आले, आणि दुसऱ्या दुकानात लगेच मिळाले. प्राधान्य गटाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो हे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे, त्याचे पैसे कोणी मागितल्यास देऊ नयेत. घरातील प्रत्येकाचे ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, झालेले असावे. आमच्या धाकट्याचे राहिले होते, ते आता करून घेतले आहे.

अमळनेर तालुका, निवृत्त पोस्टमन

सरवा हा शब्द आमच्या पिढीला कोणी समजावून सांगत नसे. भुईमूग उपटून झाला की रानात मातीत शेंगा राहतात, ज्वारी काढली की कणसे गळून पडतात, आणि ते वेचायला बायका-पोरांना मुभा असे. माझ्या आईने सरव्याच्या शेंगांवर आम्हा चौघा भावंडांचे हिवाळे काढले. आज यंत्राने काढणी होते तिथे सरवा कमी राहतो, पण भुईमुगात अजूनही चांगला मिळतो. मालकाचा शेवटचा फेरा होऊन गेल्यावर, त्याला विचारून, खुरपे घेऊन जावे. पाऊस पडून माती मऊ झालेली असेल तर काम सोपे होते, पण फार दिवस गेले तर शेंगा मातीतच उगवून येतात, म्हणून उशीर करू नये.

दुसरी गोष्ट पऱ्हाटीची, म्हणजे वेचणी झालेल्या कपाशीच्या झाडांची. गुलाबी बोंडअळी आल्यापासून फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही कपाशी तशीच ठेवून घेतलेले जादा पीक, घेऊ नये, डिसेंबर-जानेवारीत कपाशी काढून शेत मोकळे करावे असे कृषी खाते सांगते. ते मजुरीने उपटून घेणे शेतकऱ्याला महाग पडते, म्हणून कोणी पऱ्हाट्या उपटून नेतो म्हणाला तर त्याला ते हवेच असते. आम्ही दरवर्षी दोन बैलगाड्या आणतो, बंबाचे आणि चुलीचे काम उन्हाळाभर होते. मात्र त्या पावसाळ्यापर्यंत साठवू नयेत, कारण पक्क्या न झालेल्या बोंडांत अळीचे कोष राहतात आणि पुढच्या हंगामात त्याच शेतकऱ्याचे नुकसान होते. ज्याने आपल्याला सरपण दिले त्याच्यासाठी एवढे आपण सांभाळलेच पाहिजे.

नंदुरबार

वर्षाची मिरची किराणा दुकानातून पाव-पाव किलो घेण्याऐवजी आम्ही सहा घरे मिळून फेब्रुवारी-मार्चमध्ये थेट पथारीवरून, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या जागेवरून, घेतो. देठ तुटलेली आणि रंगाने थोडी उतरलेली मिरची पुष्कळ कमी भावात मिळते, तिखटपणात फरक पडत नाही. ओलसर मात्र घेऊ नये, बुरशी येते.

चाळीसगाव, रिक्षाचालक

शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागांवर माझ्या मुलीला पहिलीत प्रवेश मिळाला, पण तो दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी काय चुकले ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाचे वर्ष जाणार नाही. अर्ज आम्ही वेळेत भरला, सोडतीत नावही लागले, पण कागद तपासणीच्या दिवशी भाडेकरार नोंदणी केलेला नव्हता आणि पत्त्याचा दुसरा पुरावा गावाकडचा होता. जागा गेली. मी त्या दिवशी रिक्षा घेऊन तसाच स्टँडवर येऊन बसलो, घरी जायचे धाडस झाले नाही.

दुसऱ्या वर्षी आधी कागद केले आणि नंतर अर्ज भरला. खुल्या प्रवर्गातील दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा तहसीलदाराचा दाखला लागतो. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागास यांना उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला पुरतो. जन्मदाखला आणि राहण्याचा पुरावा सर्वांनाच लागतो. अर्जात घराचे ठिकाण नकाशावर खूण करून द्यावे लागते, ती खूण घाईत चुकली तर शाळेचे अंतर चुकते आणि तपासणीत ते पकडले जाते. अर्ज भरायला शासन एक पैसाही घेत नाही.

प्रवेशानंतर शाळेने उपक्रमांच्या नावाखाली काही रक्कम मागितली. मी लेखी मागणी द्या असे नम्रपणे म्हटले आणि तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. पुन्हा मागणी झाली नाही. मुलीशी कोणी वेगळे वागत नाही ना, याकडे मात्र मी अजून लक्ष ठेवून असतो.

साक्री तालुक्यातून

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतात. त्या दिवशी मुलाला सर्दी होती म्हणून मी त्याला पाठवणार नव्हते, पण अंगणवाडीताई घरी येऊन घेऊन गेल्या. स्टेथोस्कोप लावल्यावर डॉक्टरांनी मला बोलावून घेतले. हृदयाला छिद्र निघाले. पुढच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया या कार्यक्रमातून झाल्या, आमचे पैसे फक्त जाण्या-येण्याला आणि राहण्याला लागले. तो आता पाच वर्षांचा आहे आणि पळतो. सर्दी असली तरी त्या दिवशी मुलाला पाठवा, एवढेच मला सांगायचे आहे.

अक्कलकुवा तालुका, अंगणवाडी सेविका

वरचा अनुभव वाचून मला लिहावेसे वाटले. आमच्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचे पूर्ण जेवण मिळते, आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. पोट दिसू लागेपर्यंत नाव न नोंदवण्याची आमच्याकडे रीत आहे, त्यामुळे बायकांचे पहिले महिने जातात. पाळी चुकल्यावर लगेच सांगावे. कामासाठी गुजरातेत गेलेली सून परत आली असेल तर तिचेही नाव त्याच दिवशी नोंदवून घेता येते.

पाचोरा

एक सावधगिरीचा अनुभव. मोबाइलवर मोफत शिलाई मशीनचा संदेश आला, खाली शासनाचे चिन्ह होते. मी नोंदणीचे म्हणून पाचशे रुपये भरले, नंतर आणखी मागितले तेव्हा शंका आली. ते पैसे परत मिळाले नाहीत. आता मी ग्रामपंचायतीत किंवा सेतू केंद्रात विचारल्याशिवाय कोणत्याही दुव्यावर बोट ठेवत नाही.

जळगाव

सर्वांचे मनापासून आभार. चाळीसगावच्या भाऊंचा अनुभव मी आमच्या गल्लीत तीन घरी वाचून दाखवला, त्यातील एका घरी भाडेकरार नोंदणीचे काम सुरू झाले आहे. माझ्याकडून आणखी एक लिहिते. अजिंठ्याला मोठ्यांचे तिकीट ४० रुपये आहे आणि १५ वर्षांखालील मुलांना लागत नाही. सोमवारी लेणी बंद असतात. फर्दापूरच्या तिठ्यापासून पुढे स्वतःचे वाहन जात नाही, तेथील बसचे भाडे धरूनच निघावे.

पुस्तकांचे काम आम्ही या वर्षी नीट करायचे ठरवले आहे. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या गल्लीतील मारुतीच्या ओट्यावर जुनी पुस्तके आणि आखूड झालेले गणवेश आणून ठेवायचे, कोणाकडून आले आणि कोणी नेले याची नोंद ठेवायची नाही. मराठी आणि सेमी माध्यमाचे नववीचे सहा संच आतापर्यंत जमले आहेत. उर्दू माध्यमाचा दहावीचा संच मेहरूणमधील एका मुलीला हवा आहे, तो कोणाकडे असल्यास येथे लिहावे, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.