पाच भाकरी, दोन मासे आणि आमचा सोसायटी ग्रुप

मेघा नाईक (बी-२०३): (फॉरवर्ड) येशूने ५ भाकरी आणि २ माशांत ५००० लोकांना जेवू घातले. आज रात्रीपर्यंत तुमच्या घरी धनलाभ होणार. ११ जणांना पाठवा. साखळी तोडू नका 🙏🙏

शिंदे सर (ए-१०१): वहिनी, जूनमध्ये मासे कुठून आणले? ३१ जुलैपर्यंत ट्रॉलरना बंदी आहे 😄 बाकी, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी.

मेघा नाईक: सर, बहिणीने पाठवलाय. साळवे भाऊंना विचारा, हे असंच लिहिलंय का बायबलमध्ये?

साळवे (सी-३०२): गोष्ट आहे. ११ जणांची ओळ कुठल्याच शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चरित्रात) नाही 😀 आणि सर, खाटल्यावर बसून राहिलेला माणूस मला तरी या गोष्टींत सापडत नाही. शिष्य म्हणतात, लोकांना निरोप द्या, गावांत जाऊन खायला विकत घेऊ द्या. येशू म्हणतो, तुम्हीच त्यांना खायला द्या. फिलिप्प नावाचा शिष्य लगेच हिशेबाला बसतो, २०० दीनारांच्या भाकरी आणल्या तरी पुरायच्या नाहीत. एक दीनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज. दुसरा शिष्य अंद्रिया भाकरी-मासे असलेल्या एका पोराला पुढे करतो, पण त्यालाही वाटतं, एवढ्यांना हे कुठे पुरणार? त्या भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाघरच्या.

फर्नांडिस आंटी (बी-१०४): त्या पोराच्या आईचं नाव कोण घेत नाही. भाकरी तिनेच बांधून दिली असणार. (म्हाका मराठी वाचूंक येता, बरोवंक येना. सून टाइप करते.)

शिंदे सर: आंटी 👏 हे कुठल्या प्रवचनात ऐकलं नव्हतं.

मेघा नाईक: आणि उरलेल्या १२ टोपल्या?

साळवे: येशूनेच तुकडे गोळा करायला लावले, काही वाया जाऊ नये म्हणून. उलट मोशेच्या काळात इस्राएल लोकांसाठी रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, पडायचा, तो दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला की त्यात किडे पडायचे. फक्त शब्बाथाच्या (विसाव्याच्या वाराच्या) आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा. ४० वर्षं त्यांनी रोजचं रोज वेचून खाल्लं. फॉरवर्डमधला धनलाभ यात कुठे बसतो ते मला सांगा.

साळवे: मला स्वतःला अलीशा या संदेष्ट्याची गोष्ट जास्त आवडते. एक विधवा. नवरा देवभक्त होता, पण कर्ज ठेवून गेला. सावकार दोन्ही मुलांना गुलाम म्हणून न्यायला आलाय. अलीशा तिला पहिलं विचारतो, घरात काय आहे? ती म्हणते, तेलाच्या एका कुपीशिवाय काही नाही. मग तो सांगतो, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, आणि थोडीथोडकी आणू नकोस. ती दार लावून ओतत राहते. भांडी संपतात तेव्हा तेल थांबतं. मग तेल विकून कर्ज फेडायचं आणि उरलेल्यात मुलांसह जगायचं. विक्रीसुद्धा तिलाच करावी लागली. आणि शेजाऱ्यांनी भांडी दिली नसती तर?

सावंत काका (ए-२०२): साळवे भाऊ, राग मानू नका. २०१२ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा माझा ट्रक हप्त्यावर होता. आमच्या डिचोलीत कितीतरी ट्रक दारात उभे राहून गंजले. ट्रकवाले काय देवाला मानत नव्हते? भजनी सप्ताह आम्ही कधी चुकवला नाही. देवळात नारळ, चर्चमध्ये मेणबत्ती, सगळं झालं. शेवटी ट्रक गेला तो गेलाच. आमच्या कुपीत तेल काही वाढलं नाही.

मेघा नाईक: 😔

साळवे: काका, राग कसला? तुमचा प्रश्न बायबलातच आहे. एलीया या संदेष्ट्याच्या काळात साडेतीन वर्षं पाऊस नव्हता. तेव्हा इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या, पण एलीयाला पाठवलं फक्त सीदोन प्रांतातल्या सारफथच्या एका विधवेकडे, म्हणजे परक्या मुलखात. हे येशू स्वतः आपल्या गावी, नासरेथच्या सभास्थानात (यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात) सांगतो. लोक इतके चिडतात की त्याला कड्यावरून ढकलून द्यायला नेतात. बाकीच्या विधवांचं काय झालं, ते तो सांगत नाही. मीही काहीतरी जुळवून सांगणार नाही.

साळवे: त्या विधवेकडे येण्याआधी एलीयाचंही तुमच्यासारखंच झालं होतं. करीथ ओहळाकाठी कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि मांस आणून द्यायचे, तरी ओहळ आटलाच. त्याला उठून चालायला लागलं. सारफथला ती बाई काटक्या वेचत होती, शेवटची भाकरी करून मुलासह मरायच्या तयारीने. तिच्या मडक्यातलं पीठ नंतर सरलं नाही, पण मडकं भरून वाहिलं असंही लिहिलेलं नाही.

सावंत काका: हे पटण्यासारखं आहे. खरं सांगायचं तर, त्या काळात धाकट्या भावाने मुलांची फी भरली. त्याला मी कधी चमत्कार म्हटलं नाही.

फर्नांडिस आंटी: भावाला आज फोन कर रे बाबा.

शिंदे सर: मी काही भाविक नाही, पण पंडिता रमाबाईंचं नाव घेतो. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या. बाई प्रार्थनेवर चालणाऱ्या होत्या, त्याच वेळी जमीन घेतली, विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना छपाई शिकवली. पुढे बाईंचं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं. असा विश्वास असेल तर माझी हरकत नाही. माझा आक्षेप ११ जणांवर आहे.

मेघा नाईक: सर, पुरे आता 😅 फॉरवर्ड डिलीट केला.

शिंदे सर: बरं, विषय निघालाच आहे म्हणून. रात्रीच्या वॉचमनचा पगार एजन्सीने दोन महिने दिलेला नाही, कोणाला माहीत आहे का? आपण मेंटेनन्समधून एजन्सीला वेळेवर देतोय.

गावकर (सेक्रेटरी): माहीत आहे. एजन्सीला पत्र गेलंय. सोसायटीच्या खात्यातून त्याला थेट देता येणार नाही, ऑडिटला अडेल.

साळवे: गावकर साहेब फिलिप्प झाले 😄

गावकर (सेक्रेटरी): फिलिप्पचा हिशेब चुकला होता का, सांगा आधी!

साळवे: बिलकुल नाही. २०० दीनार खरंच कमी पडले असते.

फर्नांडिस आंटी: माझ्याकडून उकडे तांदूळ, पाच किलो. सून खाली देऊन येईल.

सावंत काका: त्याच्या मुलीचा शाळेचा युनिफॉर्म माझ्याकडे लागला. बाकीचे बोला.

मेघा नाईक: डाळ, तेल, साखर मी. भाऊ, तेलाची अख्खी बाटली देते, कुपी नाही 😄

गावकर (सेक्रेटरी): ज्यांना रोख द्यायची आहे त्यांनी उद्या सातनंतर ऑफिसात यावं. पावती मागू नका, हे सोसायटीचं खातं नव्हे. आणि एजन्सीला भेटायला सोमवारी माझ्यासोबत कोण येतंय? दोघे तरी हवेत.

शिंदे सर: मी येतो.