बंदूक एल्मरच्या हातात, तरी जिंकतो ससाच: 'अ वाइल्ड हेअर' (१९४०) बद्दल दोन प्रश्न

रात्रपाळी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. 'अ वाइल्ड हेअर' पुन्हा बघितला आणि दोन शंका आल्या.

पहिली. बग्ज बनीचा पहिला चित्रपट म्हणून सगळे याच कार्टूनचं नाव घेतात. पण १९३८ च्या 'पोर्कीज हेअर हंट'मध्येही ससा आहे, बंदूक आहे, शिकाऱ्याची फजितीही आहे. मग तो ससा का धरत नाहीत?

दुसरी शंका जरा वेगळी आहे. मला शिकारी एल्मर फडचं वाईट वाटतं. ससा मेल्याचं सोंग घेतो तेव्हा तो असा काही रडतो की हसू तिथेच थांबतं. शेजारी भाची बसली होती, तीही गप्प झाली. हे दिग्दर्शकाने मुद्दाम केलं असेल का?

कागदपेन्सिल

मी हाताने काढलेल्या ॲनिमेशनचं काम करते, त्यामुळे हे कार्टून मी चित्र-चित्र थांबवून पाहिलेलं आहे. थोडं सविस्तर लिहिते.

१९३८ चा ससा आणि १९४० चा ससा एकापाठोपाठ बघा, आणि दोघांच्या वेगाकडे लक्ष द्या. बेन हार्डवेच्या त्या पहिल्या चित्रपटातला पांढरा ससा एका जागी ठरत नाही. उड्या मारतो, मोठमोठ्याने खिदळतो, वेडेपणा हाच त्याचा स्वभाव. तसा तेव्हाचा डॅफी डकही होताच, म्हणजे कातडं सशाचं आणि आत बदकच. 'अ वाइल्ड हेअर'चा दिग्दर्शक टेक्स ॲव्हरीने १९४० मध्ये ही सगळी धावपळ काढून टाकली. त्याचा ससा एल्मरच्या पाठीमागून चालत येतो, गाजर खात खात, जराही न घाबरता, आणि शिकाऱ्यालाच विचारतो, काय चाललंय डॉक्टर? बंदूकवाला समोर दिसला की ससा पळणार किंवा किंचाळणार, हे प्रेक्षकाने धरलेलंच असतं. इथे तो गप्पा मारायला थांबतो. बग्ज बनी जन्मला तो या क्षणी, असं मी मानते. रूपही बदललं होतं. बॉब गिव्हन्सने त्याला नव्याने काढलं आणि तो करड्या रंगाचा, उंच, मोठ्या माणसासारखा दिसू लागला. 'बग्ज बनी' हे नाव मात्र या चित्रपटात कुठेच येत नाही. ते पडद्यावर आलं १९४१ च्या 'एल्मर्स पेट रॅबिट'मध्ये.

त्याच्या प्रवेशाचं मला फार कौतुक आहे. एल्मर बिळाच्या तोंडाशी गाजर ठेवून लपतो. ससा दिसतच नाही. बिळातून फक्त एक हात बाहेर येतो, जमीन चाचपतो आणि गाजर आत ओढतो. पुढे त्याच हाताला बंदुकीची नळी लागते. चेहरा नाही, संवाद नाही, तरी या प्राण्याला डोकं आहे आणि त्याला कसलीच घाई नाही, हे आपल्याला कळलेलं असतं. नुसत्या बोटांकडून अभिनय करून घेणं किती अवघड आहे, हे ज्याने कागदावर हात काढलाय त्याला विचारा. नंतर एल्मर बंदूक बिळात खुपसतो, आत झटापट होते, आणि नळी बाहेर येते ती गाठ मारलेली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हो, मुद्दामच, मला खात्री आहे. गोळी झाडायची संधी ससा स्वतःहून देतो. एल्मर झाडतो. मग ससा एल्मरच्या हातात लांबलचक मरण मरतो, डोळ्यांपुढे अंधारी आल्याचंही सांगतो. ॲव्हरी हे आटोपतं घेत नाही, भरपूर वेळ देतो, आणि त्या वेळात एल्मर कसा आहे ते उघडं पडतं. त्याला शिकार करायची होती, मारायचं नव्हतं. स्वतःला खुनी म्हणत तो रडतो, आणि नेमका तेव्हाच ससा मागून येऊन लाथ घालतो. त्या लाथेवर हसू येतं कारण आधीचं रडणं खरं असतं. एल्मर दुष्ट असता तर आठ-सव्वाआठ मिनिटांचा हा चित्रपट नुसता मारामारीचा झाला असता. तुमची भाची गप्प झाली, तिने दृश्य बरोबर पाहिलं.

गाजरप्रेमी

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. एक भर घालतो. ॲव्हरीने बग्जचे फक्त चार चित्रपट केले आणि १९४१ मध्ये निर्माता लिऑन श्लेसिंगरशी बिनसल्यावर तो स्टुडिओ सोडून गेला. पुढे दिग्दर्शक चक जोन्सने एक नियम पाळला: बग्जने आपणहून कुणाची कुरापत काढायची नाही, आधी कुणीतरी त्याला छेडलं पाहिजे. हा नियम लक्षात ठेवून त्याचे 'रॅबिट फायर' (१९५१), 'रॅबिट सीझनिंग' (१९५२) आणि 'डक! रॅबिट, डक!' (१९५३) ओळीने बघा. तिन्हींची कथा मायकेल माल्टीजची. तिथे एल्मरसमोर ससा आणि बदक दोघेही उभे असतात, आणि मोसम कुणाच्या शिकारीचा यावरून डॅफी आपल्याच बोलण्यात अडकून गोळी खातो. एल्मर तिथे नुसती बंदूक धरतो, कुणावर रोखायची ते दुसरेच ठरवतात. मला तो १९४० चा रडणारा एल्मर जास्त आवडतो. त्याला स्वतःचं मन होतं.

कानसेन

आवाजाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. सशाचा मेल ब्लँक सगळ्यांना माहीत आहे. एल्मरचा आवाज आर्थर क्यू. ब्रायनचा, आणि त्याचं नाव त्या काळी पडद्यावर येत नसे, याची मला मनापासून खंत आहे. एल्मरसारखं 'र'च्या जागी 'व' म्हणणं कुणालाही जमेल. पण दबक्या पावलांनी चालताना प्रेक्षकांना 'अगदी अगदी शांत राहा' असं विनवणारा तो मऊ सूर ब्रायननेच आणला. एल्मरची दया येते त्यात अर्धा वाटा या आवाजाचा आहे.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. आता दोन्ही चित्रपट लागोपाठ बघणार. आणखी एक विचारतो: ससा मागून डोळे झाकून 'ओळख कोण' विचारतो तेव्हा एल्मर नट्यांची नावं घेतो. माझ्याकडच्या प्रतीत त्यात बार्बरा स्टॅनविक आहे, एका मित्राच्या प्रतीत कॅरोल लोम्बार्ड. असं कसं?

कानसेन

मूळ नाव लोम्बार्डचं. जानेवारी १९४२ मध्ये विमान अपघातात ती गेली. नंतर चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना तेवढं नाव बदलून स्टॅनविकचं घातलं. म्हणजे तुमच्याकडे पुनःप्रदर्शनाची प्रत आहे आणि मित्राकडे मूळची. जमलं तर त्याचीच बघा.