झोपताना वर काय दिसायचं?

नव्या फ्लॅटमध्ये पाठ टेकली की वर पीओपी. पांढरं, गुळगुळीत, नजर ठरायला काही नाही. पुण्यात शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात कडीपाट होता. तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, त्यावर माती. वरच्या बिऱ्हाडात कुणी उडी मारली की फटीतून भुरभुर थेट ताटात. भाडं महिना 22 रुपये, 1947च्या भाडेकायद्याने गोठलेलं; तेवढ्यात मालक कौलं तरी कशाला चाळतोय! तुमच्या डोक्यावर काय होतं? लिहा.

डिलाईल रोड, मुंबई
बीडीडी चाळ. खोली 160 चौरस फूट, माणसं नऊ. मी पोटमाळ्यावर, नाकापासून हातभरावर स्लॅब. 1920च्या दशकातलं काँक्रीट, खिळा ठोकला तर खिळाच वाकायचा. पुढे सळया फुगून पोपडे पडायला लागले ते वेगळं. मोठा भाऊ पॅसेजमध्ये झोपायचा. रात्री संडासला जाणारा प्रत्येक जण त्याला ओलांडून जाणार. वरळीच्या बीडीडीत ऑगस्ट 2025 मध्ये पुनर्विकासातल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या पहिल्या चाव्या दिल्या. आम्ही रांगेत.

राजापूर
चिऱ्यांच्या भिंती, मंगलोरी कौलं, त्यात एकच काचेचं. त्यातून पडलेला कवडसा माजघरभर सरकायचा. उखळाशी पोचला की शाळेला उशीर झालाच समजा. वानरांनी इतकी कौलं फोडली की शेवटी पत्रा घातला. आता आषाढात फोन आला तर पडवीतूनही ऐकू येत नाही.

न्यू जर्सी
लाकडी सांगाड्याचं घर. वर धुराचा अलार्म. फोडणी दिली की बोंबलतो.

औसा तालुका, लातूर
आमचं माळवद. दगडमातीच्या दोन हात रुंद भिंती, वर लाकूड, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत असं गार की पंखा कशाला! छताला मधोमध साणं, तिथून मला चार-पाच चांदण्या दिसायच्या. गळू नये म्हणून दर वर्षी मृगाआधी आजोबा वर पांढरी माती टाकायचे. थरावर थर. वजन वाढतंय हे कुणाच्या ध्यानात यावं?

30 सप्टेंबर 1993. गणपती बुडवून लोक नुकते झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला आणि ते सगळं खाली आलं. मी आणि आजी अंगणात होतो म्हणून राहिलो. आजोबा आत होते.

पुनर्वसनात स्लॅबचं घर मिळालं. सरळ रस्ते, मोकळे प्लॉट, शेजार मात्र कुठल्या कुठे पांगला. आजी त्या स्लॅबखाली एक रात्र झोपली नाही. शेजारी पत्र्याचं शेड मारून दिलं, तिथेच शेवटपर्यंत. मे महिन्यातसुद्धा.

शनिवार पेठ
वाचून गप्प झालो. एक विचारू का? पावसात साण्यावर काय झाकायचे?

औसा तालुका, लातूर
पालथी घागर. पहिला थेंब पडला की आजोबा मलाच वर पिटाळायचे.