मदत हवी आहे: निर्यातशुल्क उठले, तरी कांद्याला निर्यातीचा भाव का मिळत नाही?

रानवारा: नमस्कार. 1 एप्रिल 2025 पासून कांद्यावरचे 20 टक्के निर्यातशुल्क उठले, तेव्हापासून भाव चढेल या आशेवर मी माल कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, राखून ठेवला आहे. निर्यातीसाठी खरेदी करणारे व्यापारी मात्र "बाहेर उठाव नाही" एवढेच सांगतात. काल चाळीचा एक कप्पा उघडला, तर तळाच्या थराला कोंब फुटले होते आणि काही कांदे बोटाने दाबताच पिचत होते. माल थांबवावा की विकावा, हे कृपया लवकर सांगा.

शिवारमित्र: कांदा लाल की उन्हाळ (उन्हाळ्यात निघणारा, साठवणीला टिकणारा), आकार केवढा, किती क्विंटल आणि कोणता तालुका, हे कळल्याशिवाय सल्ला कसा द्यावा?

बंदरवाट: मी न्हावा शेवा बंदरात निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करतो. शुल्क आपल्या सरकारने काढले, पण समोरचा देश माल घेईलच असे नसते. बांगलादेश हा आपला मोठा ग्राहक. मात्र तिथल्या शेतकऱ्यांचा कांदा बाजारात येतो तेव्हा ते सरकार आयातीचे परवाने रोखते, जसे 2023 मध्ये मार्चपासून जूनपर्यंत रोखले होते. शिवाय पाकिस्तानचा रुपया घसरल्यामुळे त्यांचा कांदा आखातात डॉलरमध्ये स्वस्त पडतो.

गोदाकाठ: बंदरवाटदादा, दोष बाहेर शोधू नका. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के शुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून कमी भावाने माल बाहेर पाठवता येत नाही), 8 डिसेंबरला थेट बंदी आणि मे 2024 मध्ये बंदी उठली तरी 550 डॉलर किमान मूल्याची अट, इतके धरसोडीचे धोरण पाहिलेला खरेदीदार दुसऱ्या देशाशी व्यवहार जुळवणारच.

बंदरवाट: ते मान्य आहे, परंतु तुटलेला ग्राहक परत यायला हंगाम जातात, आणि प्रश्न या महिन्याच्या मालाचा आहे.

द्राक्षबाग: आमची द्राक्षेही लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे आफ्रिकेला वळसा घालून युरोपात गेली, तेव्हा प्रवास लांबला आणि जहाजभाडेही वाढले. मी तर म्हणतो, कांदा सोडून बेदाण्याकडे वळा.

शिवारमित्र: द्राक्षबागभाऊ, त्यांनी पीक बदलण्याविषयी विचारलेले नाही.

रानवारा: उन्हाळ कांदा आहे, तालुका निफाड, सुमारे 150 क्विंटल. आकार मिसळ आहे. हे आधी लिहायला हवे होते.

शिवारमित्र: मग अडचण इथेही आहे. माझा निर्यातदार आखातासाठी 55 मिलिमीटरच्या वरचा, कोरड्या मानेचा आणि चांगल्या पत्तीचा (वरच्या सालीचा) कांदाच उचलतो; मिसळ मालाला तो स्थानिक भावच देतो. कोंब आलेला आणि पिचलेला कांदा आजच वेगळा काढा, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, स्वतंत्र लिलावाला न्या, आणि मोठ्या मालाचा नमुना दोन-तीन निर्यातदारांना दाखवून मगच भाव ठरवा. तळाला सड लागली असेल, तर सगळा माल थांबवू नका.

रानवारा: आभारी आहे. उद्या सकाळी मजूर लावून प्रतवारी करते आणि गोल्टी परवाच्या लिलावाला नेते.